गणित अवघड असू द्या, खिडकी कशाला?

"आजकालच्या मुलांना शिकायचं नसतं, सेवा हवी असते." मराठवाड्यातल्या कुठल्याही महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये तासभर बसलं, तर हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. पदवीदान समारंभात तेच जरा भारदस्त होऊन येतं: विद्यार्थी हा ग्राहक नव्हे, शिक्षण म्हणजे दुकान नव्हे, आपली गुरुशिष्य परंपरा वगैरे. ऐकायला बरं वाटतं, टाळ्याही पडतात. विद्यार्थी ग्राहक नाही हे मलाही मान्य आहे. माझा आक्षेप हे वाक्य कुठे आणि कशासाठी वापरलं जातं त्याला आहे. वर्गात ते क्वचित ऐकू येतं. त्याचा खरा उपयोग परीक्षा विभागाच्या खिडकीवर होतो, आणि तिथे त्याचा अर्थ एवढाच उरतो, की गप्प उभा राहा.

तुळजापूरकडे बघू, कारण इथे हा प्रकार जास्त उघडा दिसतो. काक्रंबा, सलगरा, मंगरूळ, अणदूर, नळदुर्ग इथून मुलं एसटीने येतात. घरातलं पदवीपर्यंत पोचणारं बहुधा तेच पहिलं माणूस. नीती आयोगाने २०१८मध्ये आकांक्षित जिल्ह्यांची यादी काढली, तेव्हा महाराष्ट्रातले जे चार जिल्हे तिच्यात होते त्यांतला एक धाराशिव, म्हणजे तेव्हाचा उस्मानाबाद. यातला एखादा मुलगा अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जातो आणि त्याची गाठ 'एम-थ्री' या गणिताच्या पेपरशी पडते. लाप्लास ट्रान्सफॉर्म, फूरिये ट्रान्सफॉर्म, पार्शल डिफरन्शियल इक्वेशन, कॉम्प्लेक्स व्हेरिएबल. दहावीपर्यंत त्रिकोणमिती मराठीतून शिकलेल्या मुलासमोर हे सगळं इंग्रजीतून, एका सेमिस्टरमध्ये येऊन आदळतं. त्याचा एम-थ्री राहतो.

इथून पुढे त्याची गोष्ट गणिताची राहत नाही. उत्तरपत्रिकेच्या छायांकित प्रतीसाठी अर्ज करायचा, पैसे भरायचे. प्रत हातात येते तोवर पुनर्मूल्यांकनाची मुदत संपत आलेली. पुनर्मूल्यांकनाचा निकाल लागायच्या आत पुढच्या परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख. म्हणजे जो विषय कदाचित सुटलाही असेल, त्याचाच फॉर्म पुन्हा भरायचा, वर विलंब शुल्क. मार्क मेमोवर आईच्या नावातलं एक अक्षर चुकलेलं. ते दुरुस्त करायला प्रतिज्ञापत्र. चूक टाइप करणाऱ्याची, खर्च मुलाचा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर 'कॉलेज स्तरावर प्रलंबित' दाखवतोय, आणि ज्या टेबलावर तो प्रलंबित आहे तिथले साहेब निवडणुकीच्या कामाला गेलेत. सोमवारी या. मुलगा वैतागून म्हणतो, "काही खरं नाही इथलं." या एका वाक्यात दोन तक्रारी आहेत. ऐकणारे सोयीने एकच ऐकतात: ह्याला गणित झेपत नाही.

वर्गाच्या अवघडपणाची तक्रार आणि कार्यालयाच्या कारभाराची तक्रार एकाच दावणीला बांधायची, मग पहिलीची टिंगल करून दुसरीही उडवून लावायची, ही चलाखी आता इतकी अंगवळणी पडली आहे की करणाऱ्यालाही ती जाणवत नाही. म्हणून आधी या दोन तक्रारी वेगळ्या करू.

वर्ग अवघड असावा. यात मी विद्यार्थ्यांच्या बाजूने एक शब्द बोलणार नाही. लाप्लास ट्रान्सफॉर्म एका हद्दीपलीकडे सोपा करता येत नाही, आणि तो ज्याला उमगला नाही त्याला पुढे कंट्रोल सिस्टिमचा पेपर म्हणजे नुसतं पाठांतर होतं. इंजिनिअर व्हायला निघालेल्या मुलाला 'येणारे प्रश्न' काढून देणं, तीस मार्कांची गाईड हातात टेकवणं, पेपर मुद्दाम हलका काढणं, हे त्याच्यावर उपकार नाहीत. खेड्यातून आलेल्या मुलाला तर हे सर्वांत महाग पडतं. शहरातल्या मुलाला कॉलेजने शिकवलं नाही तरी घर, क्लास, ओळखीपाळखी यांतून काही ना काही मिळतं. सलगऱ्याच्या मुलाकडे जे काही आहे ते त्या चार भिंतींत मिळालेलं. तिथला पेपर सोपा केला, तर फसवणूक त्याचीच होते.

पण हेही सांगितलं पाहिजे, की ज्याला आपण 'अवघड विषय' म्हणतो त्यातला सगळा अवघडपणा विषयाचा नसतो. तासिका तत्त्वावर नेमलेला, म्हणजे सीएचबीवरचा, शिक्षक सेमिस्टर निम्मं झाल्यावर रुजू होतो. तो तीन ठिकाणी तास घेतो, कारण एका ठिकाणच्या मानधनात त्याचं घर चालत नाही. पाच युनिटांपैकी अडीच वर्गात होतात, उरलेले 'घरी बघून घ्या'. परीक्षेत प्रश्न मात्र पाचही युनिटांवर. अशा वेळी मुलगा 'विषय अवघड आहे' म्हणतो, कारण 'मला हे शिकवलंच नाही' असं म्हणायची त्याची हिंमत नसते, आणि पुष्कळदा त्याला ते कळलेलंही नसतं. तो दोष स्वतःच्या डोक्याला देतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त राग कशाचा येत असेल तर याचा. न शिकवलेला विषय हा अवघड विषय म्हणून खपवला जातो, आणि ज्याची फसवणूक झाली तोच मान खाली घालून फिरतो.

आता ज्येष्ठांचा हुकमी युक्तिवाद: "आम्हीही असंच सोसलं. रांगेत उभं राहिलो, हेलपाटे घातले, त्यातूनच घडलो." क्षमस्व, पण हेलपाट्यांनी कोणी घडत नाही. घडले असाल तर रात्र रात्र जागून सोडवलेल्या गणितांनी, एखाद्या कडक मास्तरांनी, वाचनालयातल्या फाटक्या पुस्तकांनी. हेलपाट्यांनी फार तर एक शिकवलं, की ओळख काढली की काम होतं. तो धडा मराठवाड्याला पुरेसा पाठ आहे. त्यासाठी तीन वर्षांच्या पदवीची गरज नाही.

मुलं सोपेपणासाठी ओरडतात हा आरोप तुळजापुरात तर मुळीच टिकत नाही. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचं ग्रामीण केंद्र इथे ऐंशीच्या दशकापासून आहे. फेब्रुवारी २०१८मध्ये संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद आणि गुवाहाटी या चारही ठिकाणच्या विद्यार्थ्यांनी संप केला. मागणी काय होती? अभ्यासक्रम कमी करा? उपस्थितीची अट काढा? दुष्काळी गावांत करावं लागणारं फील्डवर्क बंद करा? यातलं काही नाही. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला पात्र असलेल्या मागास प्रवर्गांतल्या विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतली गेली होती, आणि वसतिगृह, खाणावळ यांचे पैसे आधी भरा असं सांगण्यात आलं होतं. ज्याच्याकडे आधी भरायला पैसे आहेत त्याला शिष्यवृत्ती कशाला लागेल, हा त्या मुलांचा साधा प्रश्न होता. सरकारकडून पैसे येत नाहीत आणि तूट सोसवत नाही, ही संस्थेची अडचण खोटी नसेल. पण दोन कार्यालयांमधल्या हिशेबाचा भार वीस वर्षांच्या मुलीने का उचलायचा? त्या संपात वर्गाविरुद्ध चकार शब्द नव्हता. वर्गात बसता यावं म्हणूनच तो होता.

'विद्यार्थी ग्राहक नाही' या वाक्याला कायद्याचाही आधार दिला जातो, तेव्हा तो आधार नीट बघू. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने बिहार शालेय परीक्षा मंडळाच्या खटल्यात निकाल दिला, की परीक्षा घेणं हे मंडळाचं कायद्याने नेमून दिलेलं काम आहे, ती विकत दिलेली सेवा नव्हे. परीक्षा शुल्क हा सेवेचा मोबदला नव्हे. म्हणून परीक्षार्थी ग्राहक नव्हे. खटल्याचं मूळ काय होतं? मंडळाने दोन मुलांना एकच आसन क्रमांक दिला होता. त्यातल्या एकाचा निकाल लागलाच नाही आणि त्याला पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. पेपर अवघड होता, गुण कमी पडले, यातलं काहीच त्या मुलाचं गाऱ्हाणं नव्हतं. एक वर्ष गेलं ते एका आकड्यापायी, आणि ग्राहक मंचाचं दार त्याला बंद झालं. गंमत म्हणजे त्याच वर्षी त्याच न्यायालयाने, मान्यता नसताना ती असल्याचं भासवून प्रवेश देणाऱ्या बिहारमधल्याच एका दंत महाविद्यालयाला ग्राहक कायद्याखाली जबाबदार धरलं. म्हणजे खोटी जाहिरात करून फसवलं तर दाद आहे. खरीखुरी मान्यता असलेल्या मंडळाने गलथानपणा केला तर नाही.

जानेवारी २०२०मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने हे आणखी स्पष्ट केलं. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्याबाहेर, खासगी कोचिंग क्लास मात्र आत. त्याविरुद्धचं अपील सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी विचारार्थ दाखल करून घेतलं. या विभागणीचा तुळजापुरात काय अर्थ होतो ते बघा. इथली मुलं अकरावी-बारावीला शेजारच्या लातूरला जातात, 'लातूर पॅटर्न'चं नाव ऐकून. तिथल्या क्लासने फी घेतली आणि शब्द पाळला नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०२५च्या सुरुवातीला केंद्र सरकारनेच सांगितलं, की या हेल्पलाइनमार्फत कोचिंगच्या सहाशेहून अधिक विद्यार्थ्यांना १.५६ कोटी रुपये परत मिळाले. तोच मुलगा पुढे विद्यापीठात जातो, त्याच बापाच्या कमाईतून फी भरतो, आणि त्याला सांगितलं जातं की बाळा, आता तू ग्राहक नाहीस, तुझं नातं पवित्र आहे. नातं पवित्र झालं की पावती मागायची सोय संपते, असा हा हिशेब आहे.

म्हणून काय त्याला ग्राहक करायचं? नाही. ग्राहकाला खूश ठेवावं लागतं, आणि ज्या दिवशी विद्यार्थ्याला खूश ठेवायचं ठरेल त्या दिवशी एम-थ्रीचा पेपर पहिला मरेल. इंग्लंडमध्ये २०१२पासून पदवीची वार्षिक फी नऊ हजार पौंडांवर गेली. तिथे विद्यापीठांना ग्राहक कायदाही लागू होतो. तरी विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठी २००४च्या उच्च शिक्षण कायद्याखाली जी स्वतंत्र यंत्रणा उभी आहे, तिच्यावर एक बंधन आहे: शैक्षणिक निर्णयात तिने हात घालायचा नाही. निबंधाला ५२ गुण का, ६५ का नाहीत, यात ती पडत नाही. गुण देताना नियम पाळले का, अर्जाला वेळेत उत्तर दिलं का, कबूल केलेली सोय पुरवली का, हे मात्र ती बघते. जी रेघ मी इथे मारतोय ती तिथे कायद्यात मारून ठेवली आहे, आणि तिच्यामुळे ऑक्सफर्ड-केंब्रिजची दुकानं झाल्याचं ऐकिवात नाही.

विद्यार्थ्याला हक्क दिला की सगळं बिघडेल, ही भीती आपल्याकडेही एकदा घालून झाली आहे. परीक्षार्थ्याला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका बघू द्यावी का, हा प्रश्न माहितीच्या अधिकाराखाली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाचं म्हणणं होतं की यंत्रणाच कोलमडेल. ऑगस्ट २०११मध्ये न्यायालयाने तो हक्क दिला. यंत्रणा कोलमडली नाही. बेरजेतल्या चुका तेवढ्या उघड होऊ लागल्या.

आणि नियम नाहीत असंही नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ सांगतो, की परीक्षा संपल्यापासून तीस दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा आणि काही झालं तरी पंचेचाळीस दिवसांत लावावा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या एप्रिल २०२३च्या विनियमांत तक्रार कशाला म्हणायचं याची यादीच आहे. परीक्षा घेण्यात किंवा निकालात अवाजवी उशीर, कागदपत्रं अडवून ठेवणं, माहितीपत्रकात छापल्यापेक्षा जास्त पैसे घेणं, आणि प्रवेशाच्या वेळी कबूल केलेलं दर्जेदार शिक्षण न देणं हेसुद्धा. तक्रार निवारण समितीला पंधरा कामकाजाचे दिवस. तिथे समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील. कागदावर याहून जास्त काय हवं? पण जून २०२४मध्ये आयोगालाच देशातल्या १५७ विद्यापीठांची नावं जाहीर करावी लागली, ज्यांनी लोकपाल नेमलेलाच नव्हता. त्यातली १०८ सरकारी होती. निकालाच्या मुदतीचं काय होतं, ते मुंबई विद्यापीठाने २०१७ साली दाखवून दिलं. संगणकावर उत्तरपत्रिका तपासण्याची नवी पद्धत पुरेशी तयारी न करता आणली, निकाल महिनोन्महिने लटकले, पुढच्या प्रवेशांवर त्याचा परिणाम झाला, आणि ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. मुंबईत वर्तमानपत्रं आहेत, वाहिन्या आहेत, मोर्चाला मंत्रालय जवळ आहे. तुळजापूरच्या मुलाचा निकाल लटकला तर त्याने कुठे मोर्चा काढायचा? त्याचं विद्यापीठ शोधायलाच त्याला एक दिवस लागतो. कला-वाणिज्य-विज्ञान असेल तर ते छत्रपती संभाजीनगरला, अडीचशे किलोमीटरच्या पुढे. अभियांत्रिकी असेल तर रायगड जिल्ह्यात लोणेरेला, घाट उतरून कोकणात. सोलापूरचं विद्यापीठ तासाभरावर आहे, पण ते दुसऱ्या जिल्ह्याचं. धाराशिवला उपकेंद्र आहे, त्याने बरीच सोय झाली हे खरं. तरी नावातलं अक्षर बदलायची सही बहुधा मुख्यालयातच होते. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव रेल्वे होईल तेव्हा होईल. तोवर एसटी, आणि एक रात्र कुणाच्या तरी खोलीवर. ज्या मराठवाड्याने संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी सोळा वर्षं झुंज दिली, त्याने त्याच विद्यापीठाच्या मार्क मेमोवरचं स्वतःचं नाव बरोबर असावं म्हणून आवाज चढवला, तर त्यात उद्धटपणा कसला?

कोणी म्हणेल, एवढी गर्दी, एवढे अर्ज, कुठवर पुरं पडणार? हे तुळजापुरात म्हणायला जरा धाडस लागतं. नवरात्रात आणि आश्विन पौर्णिमेला या गावात माणसांचा पूर लोटतो. सोलापूरकडून, कर्नाटकातून लोक चालत येतात. रांगेतला तो माणूस ग्राहक नाही, भाविक आहे. म्हणून त्याला कोणी 'देवी सोमवारी भेटेल' असं सांगत नाही. मंदिर संस्थानचे अध्यक्ष जिल्हाधिकारी आहेत. रांग कुठून सुरू होते, मंदिर किती वाजता उघडतं, गर्दीच्या दिवसांत काय बदलतं, हे आधी जाहीर होतं. इतकंच काय, देवीच्या वर्षातल्या तीन निद्रा, घोर, श्रम आणि मोह, यांचे दिवसही आधीच ठरलेले असतात आणि ते भाविकाला माहीत असतात. मंदिरात सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. तिथल्याही तक्रारी आहेत आणि त्या वेळोवेळी गाजल्या आहेत. पण लाखोंच्या रांगेला वेळापत्रक देता येतं, हे ज्या गावाने पाहिलंय, त्या गावच्या मुलाला पुनर्मूल्यांकनाचा निकाल कधी लागेल याची एक तारीख देता येत नाही, हे पटण्यासारखं नाही. याच संस्थानाने १९८३ साली अभियांत्रिकी महाविद्यालय काढलं. भक्तांच्या दानातून कॉलेज उभं करणाऱ्या गावाला शिक्षणाचं मोल कोणी समजावून सांगायला नको.

राहता राहिलं शेवटचं उत्तर, आणि ते तेवढं खरं आहे: माणसं नाहीत. खिडकीमागे बसलेला माणूस पुष्कळदा स्वतः कंत्राटी असतो, तीन टेबलांचं काम एकटा ओढतो, आणि त्याचाही पगार थकलेला असू शकतो. तो खेकसतो, कारण त्याच्यावर वरून कोणीतरी खेकसलेलं असतं. त्याच्याशी माझं भांडण नाही. माझं भांडण जागा रिक्त ठेवणाऱ्यांशी आहे, आणि त्या रिक्त जागांना गुरुशिष्य परंपरेचा मुलामा देणाऱ्यांशी आहे. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी हाच मुलगा तुळजापूर तहसीलला जातो, तेव्हा तिथेही माणसं कमीच असतात. तरी २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्यामुळे दाखल्याला मुदत आहे, ती लावलेली असते, आणि कारण नसताना ती चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंडाची तरतूद आहे. तहसील कार्यालय काही गुरुकुल नाही, तरी तिथे मुलाला निदान तारीख विचारता येते.

तेव्हा स्टाफरूममधल्या मंडळींना माझी विनंती मोजकी आहे. एम-थ्रीचा पेपर हवा तेवढा कठीण काढा. पाचही युनिट शिकवून झाले असतील, तर मी तुमच्या बाजूने मुलांशी भांडेन. पण उद्या कॉलेजात गेल्यावर दर्शनी फलकाजवळ जरा थांबा. तक्रार निवारण समितीच्या सदस्यांची नावं, लोकपालाचा पत्ता, आणि मागच्या सेमिस्टरच्या पुनर्मूल्यांकनाचा निकाल किती दिवसांत लागला तो आकडा, यातलं काय तिथे लावलंय ते बघा. काहीच नसेल, तर मुलं तक्रारखोर झालीत हे वाक्य निदान त्या फलकासमोर उभं राहून बोलू नका.